कापलेला प्रवेश रद्दीत टाकू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या पेपरच्या लहान मुलांच्या पानावर कार्टून सिनेमांच्या गुपितांची एक छोटी चौकट आली होती. त्यात होतं की 'द लायन किंग' मधल्या सिंहांच्या डरकाळ्या खऱ्या सिंहाच्या नाहीतच, फ्रँक वेल्कर नावाच्या आवाजाच्या कलाकारानं लोखंडी कचराडब्यात तोंड घालून त्या काढल्या. बातमी खरी आहे, पण चार ओळीत संपली. माझ्या भाच्यानं ती चौकट कापून दाराला चिकटवली आणि तिथून आमच्या घरात जे सुरू झालं ते तुम्हाला सांगावं वाटलं, आणि एक मागणी पण आहे, ती शेवटी लिहितो.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडं, नदी ओलांडली की वडसा. भाचा आठवीत, भाची पाचवीत. या दोघांनी लायन किंग पाह्यला तो २०१९ चा, हिंदीतला, शाहरुख खानच्या आवाजातला सिंहराजा मुफासा. मूळ १९९४ चा हातानं काढलेला सिनेमा त्यांना माहीतच नव्हता. माझ्या नागपूरच्या एका मित्राकडं त्याची जुनी दोन डिस्कवाली डीव्हीडी पडून होती, ती मागून आणली, प्लेअर माळ्यावरून काढला, धूळ पुसली, आणि धानाचं चुरणं (मळणी) झाल्यावर एका रात्री लावली. सिनेमा सगळ्यांना आवडलाच. पण दुसऱ्या डिस्कमधे जे होतं त्यानं पोरं अक्षरशः टीव्हीला जाऊन चिकटली, कारण त्यात सिनेमातून काढून टाकलेले प्रवेश होते.

मुफासाचा मुलगा सिंबा आणि सिंहीण नाला यांचं प्रेमाचं गाणं आहे ना, ते एका टप्प्यावर टिमॉन आणि पुंबा हे सिंबाचे दोघं मित्रच म्हणणार होते, गंमत म्हणून. पडद्यावर रंग नाही, हालचाल नाही, नुसती पेन्सिलीची चित्रं एकामागून एक येतात आणि मागं आवाज चालू. भाची म्हणाली, "मामाजी, हे त पेन्सिलीनं काढलं हाय, रंग कायले नाई भरला जी?" मला त्यावेळी उत्तर देता आलं नाही. मग मी बसून वाचून काढलं, आता सांगू शकतो.

आपल्या नेहमीच्या सिनेमात आधी शूटिंग होतं, मग एडिटिंगला बसून नको ते कापतात, म्हणून कापलेला तुकडा पण रंगीत, पूर्ण असतो. कार्टूनमधे उलटं आहे. एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात, दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, आणि तीसुद्धा एका पात्राची, दुसरं पात्र आलं की त्याची वेगळी. एवढी मेहनत करून मग कापणं परवडत नाही. म्हणून आधी पूर्ण गोष्ट कच्च्या चित्रांत भिंतीवर टाचतात, त्याची रीळ बनवतात, कच्चे आवाज घालतात, बसून पाहतात, आणि जे जमत नाही ते तिथंच काढून पुन्हा नवीन चित्रं लावतात. असं परत परत. त्यामुळं कार्टूनमधला कापलेला प्रवेश बहुतेक वेळा पेन्सिलीतच मरतो, रंगापर्यंत पोचतच नाही.

तर ते गाणं तसं वापरलेलं पाहून एल्टन जॉननं विरोध केला, त्यानं चाल बांधली होती ती प्रेमाच्या गाण्याची. गाणं परत सिंबा-नालाकडं आलं, टिमॉन-पुंबाला फक्त सुरुवात आणि शेवट उरला, आणि त्याच गाण्याला पुढं ऑस्कर मिळालं. अगदी सुरुवातीच्या कथेत तर सिनेमातला दुष्ट सिंह स्कार हा मुफासाचा भाऊ नव्हताच, तो बबून माकडांचा पुढारी होता. म्हणजे ज्या भावाभावाच्या वैरावर अख्खा सिनेमा उभा आहे ते वैर पहिल्या कागदावर नव्हतं! हे कळल्यावर मी कितीतरी वेळ गप्प बसलो होतो, त्याचं कारण पुढं सांगतो.

आणि हा सिनेमा डिस्ने स्टुडिओमधे तेव्हा दुय्यम समजला जायचा हे पण पोरांना सांगितलं. त्याच वेळी तिथं 'पोकाहोंटास' चं काम चालू होतं, मोठं नाव त्याचं होणार असं सगळ्यांना वाटायचं म्हणून बरेच अनुभवी चित्रकार तिकडं गेले, इकडं पुष्कळ नवीन लोकांना संधी मिळाली. जनावरांचा कळप दरीतून धावत येतो तो प्रसंग अडीच मिनिटांचा असेल, पण त्याला दोन वर्षांपेक्षा जास्त लागली, कारण शेकडो रानटी जनावरं एकमेकांवर न आदळता पण आपापल्या चालीनं पळाली पाहिजेत यासाठी कॉम्प्युटरचा वेगळा प्रोग्राम लिहावा लागला. जानेवारी १९९४ मधे लॉस एंजेलिसला भूकंप झाला, स्टुडिओ बंद पडला, तर चित्रकारांनी घरी नेऊन, कोणी गॅरेजमधे टेबल मांडून चित्रं पूर्ण केली, आणि जूनमधे सिनेमा थेटरात लागला. भाचा म्हणाला, "मंग हे तं आपल्यासारख्याच घरात बसून केलं ना मामाजी." हो, शेवटचा काही भाग खरंच तसाच झाला.

मला सगळ्यात लागलं ते मात्र दुसऱ्याच सिनेमाचं. १९३७ चा स्नो व्हाइट. त्यात सात बुटके सूप पितात असा पूर्ण प्रसंग वॉर्ड किंबॉल नावाच्या तरुण चित्रकारानं काढला होता, तो नुसत्या टाचलेल्या चित्रांत नव्हता, पेन्सिलीत का होईना पण हलता झाला होता, महिनोन्‌महिन्यांचं काम. वॉल्ट डिस्नेला वाटलं की इथं गोष्ट अडते, म्हणून काढला. किंबॉल नोकरी सोडायच्या विचारानं त्याच्याकडं गेला आणि परत आला तो पिनोकिओ सिनेमामधल्या जिमिनी नावाच्या रातकिड्याचं काम घेऊन. पण मुख्य गोष्ट अशी की तो सूपचा प्रसंग फेकला नाही, सांभाळून ठेवला, १९५६ मधे डिस्नेनं तो टीव्हीवर लोकांना दाखवला सुद्धा, तसाच पेन्सिलीतला. एकोणीस वर्षांनी! आणि आज ब्रह्मपुरी तालुक्यातलं पोरगं त्याबद्दल विचारून राहिलं आहे.

आता माझ्या गप्प बसण्याचं कारण. आमचे बाबा गावच्या नाट्य मंडळात होते, लिहायचे पण. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या, वाचकांना सांगायची गरज नाही पण आपला पेपर दूरवर जातो म्हणून लिहितो, आमच्याकडं दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतींचे) दिवस आले की गावोगाव नाटकं होतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, सगळीकडं लोक थंडीत चादरी घेऊन बसतात. वडशाला तर नाटक कंपन्यांची ऑफिसंच आहेत. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मधे पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते.

लायन किंगचं ते भावाभावाचं वाचल्यावर मला बाबांची वही आठवली. त्यांचं नाटक पण दोन भावांचंच होतं, बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावरून, भांडण. वही आईच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली होती. उघडली तर मधली चार पानं लाल पेन्सिलीनं आडवी-उभी मारलेली. मोठ्या भावाची बायको रात्री कंदील आणि भाताचा डबा घेऊन धुऱ्यावर जाते, धाकटा दीर राखणीला बसलेला असतो, तिकडं घरी बोलणं बंद आहे म्हणून हे दोघं पण बोलत नाहीत, ती डबा ठेवते आणि जाते. एवढाच प्रवेश. बाजूला बाबांच्या अक्षरात लिहिलं आहे, "इथं लोक उठतात." त्याच्या खाली वेगळ्या शाईत, "वडशाच्या प्रयोगात ठेवला. बाया रडल्या. वेळ पुरत नाही, पुन्हा काढला."

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. मी ते नाटक लहानपणी कमीत कमी पाच वेळा पाह्यलं असेल आणि हा प्रवेश मला माहीतच नव्हता. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तो डबा आपल्या घरचाच होता, तिच्या कामाले गडी होता, लुगडं माह्यंच नेसला होता." मग ती अर्धा तास बोलत राहिली, कोण कुठं उभं राहायचं, कंदील खाली ठेवायचा की हातात धरायचा यावरून बाबा आणि मास्तर कसे भांडले, सगळं. मी ते मोबाईलमधे रेकॉर्ड केलं आहे.

बाकी मंडळाची मोठी पेटी होती, त्यात प्रॉम्प्टरच्या वह्या, जुन्या नाटकांची खाडाखोड केलेली पानं, पात्रांच्या याद्या, आणि हातानं रंगवलेले पडदे. समाजमंदिराची दुरुस्ती निघाली तेव्हा वह्या किलोच्या भावानं गेल्या. पडदे धानाच्या ढिगावर झाकायला वापरले, पावसात रंग उतरून गेला. कोणी वाईट हेतूनं केलं नाही, आपल्याच गावचे लोक आहेत, पण तेव्हा सगळ्यांना वाटलं की नाटक तर होऊन गेलं मग याचं काय काम. मलाही तसंच वाटलं. त्या दिवशी मी तिथं हजर होतो आणि पेटी उचलायला हात लावला होता. ते मला आता झोपू देत नाही.

इथं टॉय स्टोरी २ या कार्टून सिनेमाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९८ मधे पिक्सार स्टुडिओमधे कोणाच्या तरी एका चुकीच्या कमांडनं सर्व्हरवरच्या या सिनेमाच्या फाईली भराभर डिलीट होऊ लागल्या, आणि बॅकअप पाहायला गेले तर तो पण नीट नव्हता. वाचवला कोणी, तर गॅलिन सुसमन नावाच्या तांत्रिक विभागातल्या बाईंनी. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं म्हणून त्या घरून काम करायच्या आणि त्यासाठी सिनेमाची एक कॉपी घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटमधे गुंडाळून गाडीतून आणला. गंमत म्हणजे एवढं वाचवल्यावर पुढं गोष्टच पसंत पडली नाही म्हणून बराचसा सिनेमा वर्षाच्या आत पुन्हा नव्यानं केला, नोव्हेंबर १९९९ ला लागला. पण नव्यानं करायला सुद्धा हाताशी जुनं काहीतरी लागतंच ना. आमच्या नाटकाची घरची कॉपी आईच्या लुगड्याखाली निघाली, बाकीच्यांची कुठं आहे?

आणि कापलेलं वाया जातंच असं नाही. स्कार नालाला राणी करायला पाहतो असा एक प्रसंग लायन किंगमधून काढला होता, लहान मुलांच्या सिनेमात नको म्हणून असेल, तोच १९९७ मधे त्याचं नाटक न्यूयॉर्कला आलं तेव्हा गाण्यासकट स्टेजवर आला. सिनेमात नाही बसला, नाटकात बसला.

म्हणून माझी मागणी. पहिली, मुलांच्या पानावर नुसती चार ओळीची गुपितं नको, आठवड्याला एक सिनेमा घ्या आणि त्यातला एक प्रसंग आधी कसा होता, का काढला, मग कसा झाला हे चित्रांसकट छापा. आमच्या भाच्याला शाळेत खाडाखोडीबद्दल बोलणी बसायची, तो रबरानं खोडून खोडून कागद फाडायचा. ती डिस्क पाह्यल्यापासून तो खोडत नाही, बाजूला दुसरं काढतो आणि पहिलं तसंच ठेवतो. आता एका पानावर चार-चार सिंह असतात आणि चौथा खरोखर चांगला असतो.

दुसरी मागणी मोठी आहे. झाडीपट्टीच्या नाटकांतले काढून टाकलेले प्रवेश आणि पडद्यामागच्या गोष्टी वाचकांकडून मागवा. ज्यांच्या घरी वह्या आहेत, ज्यांनी प्रॉम्प्टिंग केलं, पडदे रंगवले, पेटी-तबला वाजवला, अशी माणसं अजून आहेत, पण सत्तरी-ऐंशीची आहेत. येत्या सीझनच्या आत सुरू करा, कारण दर हिवाळ्यात दोन-तीन कमी होऊन राहिले. झाडीबोलीत लिहिलं असेल तर शुद्ध करू नका, तसंच छापा. मंडळांना पण विनंती आहे की नवीन नाटकाची कापलेली पानं मोबाईलमधे फोटो काढून तरी ठेवा, त्याला पैसे लागत नाहीत.

आमच्या घरी पोरांनी बाबांचा तो प्रवेश चित्रात काढायला घेतला आहे. जुन्या हिशेबाच्या वहीच्या कोऱ्या बाजूला आतापर्यंत २४ चित्रं झाली, म्हणजे दोन सेकंद, आणि त्यात ती बाई अजून घरातून निघाली पण नाही, फक्त कंदील उचलला आहे. आई रोज संध्याकाळी पाहते आणि सांगते की कंदील डाव्या हातात पाहिजे, उजव्या हातात डबा होता. मग पुन्हा काढतात.

वहीच्या त्या चार पानांच्या झेरॉक्स पत्रासोबत पाठवतो आहे. लाल रेघा झेरॉक्समधे काळ्या आल्या, पण खालचं सगळं वाचता येतं.

आपला नियमित वाचक,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर