सड्यावरचा जांभा खरवडू नका

महोदय,
महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला २० किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीत त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. पसरणीचा घाट उतरून वाईत आलो की त्याहूनही निम्म्याच्या आत. कारण समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या धारेवर चढतानाच रिते होतात. धारेवरच्या जांभ्यात, म्हणजे सच्छिद्र तांबड्या दगडात, मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडते आणि उतारावर झरे फुटतात. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावर, माती असते बोटभर! रिसॉर्टसाठी तीच जेसीबीने खरवडली की पाणी मुरत नाही, वाहून जाते आणि ऐन उन्हाळ्यात झरे आटतात. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा उभा कापला, तर भिजलेली चिकणमाती जांभ्यासकट घसरते. बांधकाम परवानगीआधी एप्रिल-मे महिन्यांत झऱ्यांची नोंद सक्तीची करावी.

– एक वाचक, वाई