टीसीपी क्लायंट मराठीतून शिकवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि. खानापूर, निपाणीकडची मराठी शाळेतली पोरं इंजिनिअरिंगला जातात आणि नेटवर्कच्या प्रॅक्टिकलला टीसीपी क्लायंट (म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरला जोडून डेटा देणारा-घेणारा प्रोग्राम) नुसता पाठ करून लिहितात, हे बघून लई वाईट वाटतं. खरं तर प्रोग्राम लहानच आहे, सॉकेट (जोडणीचं आपल्याकडचं टोक) उघडायचं, सर्व्हरचा आयपी (कॉम्प्युटरचा पत्ता) आणि पोर्ट (त्यावरच्या प्रोग्रामचा नंबर) देऊन कनेक्ट करायचं, डेटा पाठवायचा, उत्तर घ्यायचं, बंद करायचं. पायथॉनमध्ये दहा-बारा ओळीत होतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि १२७.०.०.१ हा स्वतःच्याच कॉम्प्युटरचा पत्ता वापरला तर इंटरनेट पण नको, एकाच कॉम्प्युटरवर सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही चालतात.

पण एक गोष्ट नीट सांगायलाच पाहिजे, टीसीपी मेसेज ओळखत नाही, नळाच्या पाण्यासारखे बाइट्स सलग येत राहतात. एकदा पाठवलेलं एकदाच रिसीव्ह केल्यावर पूर्ण मिळेल याची गॅरंटी नाही, म्हणून लूप लावायचा, रिकामं आलं की समोरच्यानं पाठवणं संपवलं असं समजायचं. आपल्या अक्षरांचा तर वेगळाच प्रश्न, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) "बेळगाव" १८ बाइट्सचं होतं, एकेका अक्षराला अनेक बाइट्स लागतात, कन्नडचंही तसंच, म्हणजे तुकडा अक्षराच्या मधेच तुटू शकतो आणि लगेच डीकोड केलं, म्हणजे बाइट्सची परत अक्षरं केली, की एरर. आधी सगळं जमवा मग डीकोड करा. इंग्रजीत टेस्ट केलं तर हे दिसतच नाही बघा!

आपल्या पेपरच्या विद्यार्थी पानावर असे छोटे प्रोग्राम मराठीतून छापावेत ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, खानापूर