मोहर काळा पडतो, मंडळातलं यंत्र मात्र गप्प

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार आहे, 1990 च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेत वडिलांनी कातळ फोडून कलमं लावली, तीच आज सांभाळतोय. त्यांच्या वेळी हंगामाला दोनतीन फवारण्या पुरायच्या, आता थ्रिप्सवर (मोहराचा रस शोषणारे बारीक फुलकिडे) औषधच लागू पडत नाय. मोहर पांढऱ्या कागदावर झटकून बघा, पिवळे बारीक किडे नुसते वळवळतात, आणि चार दिवसात तो मोहर काळा. मग परत औषध, परत पंपाचं पेट्रोल, परत गड्यांची मजुरी, आणि गडी तरी कुठे मिळतायत, गावातली पोरं मुंबईला, राखणीला नेपाळी ठेवतो.

विम्याचं तर बोलूच नये. हवामानावर आधारित फळपीक विमा म्हणजे महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) हवामान केंद्राचं यंत्र काय तापमान सांगेल ते खरं, माझ्या बागेत फळगळ होऊन सडा पडला तरी बघायला कोणी येत नाय. तेव्हा प्रत्यक्ष पाहणी धरा, एवढंच मागणं आहे.

आणि सातबारा! आमच्या एका सातबाऱ्यावर एकोणीस नावं, निम्मे मुंबईत, काही वारलेले, सगळ्यांच्या सह्या आणल्याशिवाय बँक कर्जाचं नाव काढू देत नाय. (सामाईक जमिनीचं हे दुखणं कोकणाबाहेरच्यांना लवकर कळत नाय.) हापूसला 2018 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आनंदच झाला, पण हायवेला कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात त्यांना अडवणार कोण?

आपला,
एक बागायतदार, देवगड