रानमोडी फुलण्याआधी कापावी: माननीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
गोवा राज्य, पणजी.

सादर नमस्कार.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे कोरड्या प्रदेशातील तणांचा प्रश्न आपला नव्हे, असा समज सर्वत्र दिसतो. परंतु जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पाणी ठरत नाही. दिवाळीनंतर तेथील गवत पिवळे पडते आणि मेअखेरपर्यंत आमच्या काजूच्या बागा अवर्षणग्रस्त मुलखासारख्याच रखरखीत असतात. रानमोडी या परदेशातून आलेल्या झुडपी तणाचे फावते ते याच काळात.

पाऊस सरल्यावर ती फुलते, नववर्ष लागले की तिचे केसाळ बी वाऱ्यावर सुटते आणि उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काटक्या वणव्याला आयते सरपण पुरवतात. आग लागून गेली तरी बुडखा जिवंत राहतो व पहिल्या पावसात पुन्हा फुटतो. म्हणून ती जाळून संपत नाही. गेल्या वर्षी आमच्या वाड्यावरील रस्त्याकडेची साफसफाई जानेवारीच्या अखेरीस झाली आणि कापलेली झुडपे उघड्या ट्रकमधून नेण्यात आली. त्या फेरीने बी किती गावांत पोहोचवले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

हे काम करणाऱ्या मजुरांना झाडाची ओळखही करून दिलेली नसते. रानमोडीची पाने समोरासमोर, त्रिकोणी, तीन ठळक शिरांची असतात आणि चुरगळल्यावर उग्र वास येतो. घाणेरी या दुसऱ्या तणालाही असाच वास असतो, मात्र तिचे खोड चौकोनी व काटेरी, तर रानमोडीचे गोल. गाजरगवताची गोष्ट निराळी. पुण्यात १९५५च्या सुमारास लक्षात आलेले हे तण आता आमच्या बांधकामांभोवती दिसते. कोवळेपणी त्याची पाने जमिनीसरशी पसरलेली असतात आणि शेवंतीचे रोप समजून लोक ते राखतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते, एकेक झाड हजारो बिया टाकते आणि उघड्या हातांनी उपटणाऱ्याची कातडी सुजते.

परदेशी झाड म्हणजे शत्रू, असे माझे म्हणणे नाही. काजूही ब्राझीलहूनच आला. मागणी एवढीच आहे की, कापणीच्या निविदांच्या तारखा आर्थिक वर्षाऐवजी या झाडांच्या फुलोऱ्याप्रमाणे ठरवाव्यात. माती मऊ असताना, म्हणजे जुलैमध्ये, गाजरगवत मुळासकट उपटावे, त्यासाठी मजुरांना हातमोजे द्यावेत, आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी रानमोडीचे बुडखे खणून काढावेत. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८०च्या दशकात भारतात आणला गेला. कोरड्या दिवसांत तो जमिनीत दडून बसतो, तेव्हा त्याला सोडायचे असल्यास पावसाच्या सुरुवातीलाच सोडावे. मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचे बी पेरावे. ज्याची आम्ही पहिल्या पावसात भाजी करतो तो हा टाकळा गाजरगवताला दाबून टाकतो, पण आजच्या साफसफाईत तोही कापला जातो.

पंचायतींच्या जैवविविधता समित्यांकडे गावातील झाडापेडांच्या नोंदवह्या आहेतच. त्यांत या तिन्ही तणांच्या जागा वाडानिहाय नोंदवण्याचा आदेश येत्या पावसाळ्यापूर्वी निघावा, ही विनंती.

आपला,
सत्तरी तालुक्यातील एक काजू बागायतदार