लोह-निकेलचा शेजार दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

अव्यवस्थित लोह-निकेल मिश्रधातूंच्या चुंबकीय गुणधर्मांवरचा माझा प्रबंध नुकताच विद्यापीठात सादर झाला. त्यातल्या ऋणनिर्देशात आपल्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आणि तेवढ्याने माझे मन भरले नाही. सांगली-मिरजेत राहून भौतिकशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या इतर मुलामुलींनाही आपण काय दिलेत हे कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

सुमारे 36 टक्के निकेल असलेली लोहाची मिश्रधातू नेहमीच्या तापमानाला जवळजवळ प्रसरण पावत नाही, हे शार्ल एदुआर गिय्योम यांना 1896 मध्ये आढळले आणि निकेल-पोलादांवरील या कामासाठी त्यांना 1920 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तापमान वाढले की स्फटिक फुगू पाहतो, पण त्याच वेळी चुंबकत्व ढासळत जाते आणि त्यामुळे होणारे आकुंचन ती वाढ गिळून टाकते, इतके मला पुस्तकांतून समजले होते. मात्र गणन करायला बसल्यावर खरी अडचण पुढे येते, कारण या स्फटिकात जागा ठरलेल्या असल्या तरी कोणत्या जागी लोह आणि कोणत्या जागी निकेल याला कसलाही क्रम नसतो आणि आपल्या गणनपद्धती तर त्याच त्या नमुन्याच्या पुनरावृत्तीवर उभ्या असतात.

विश्रामबागेतल्या आपल्या घरी मी पहिल्यांदा आले, तेव्हा आपण मला सर्वांत सोपा मार्ग का पुरत नाही ते समजावलेत. लोह 26 आणि निकेल 28 यांची सरासरी काढून 35 टक्के निकेलसाठी 26.7 अणुक्रमांकाचा एक कल्पित अणू घेता येतो, पण लोहाच्या अणूचे चुंबकीय परिबल, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाची ताकद आणि दिशा, बोर मॅग्नेटॉन या एककात अडीचच्या आसपास आणि निकेलचे 0.6 च्या आसपास असते, हा भेदच त्या कल्पित अणूत पुसला जातो. पॉल सोव्हेन यांनी 1967 मध्ये मांडलेल्या सीपीए (कोहेरंट पोटेन्शियल अप्रॉक्सिमेशन) पद्धतीत लोह आणि निकेल वेगळे राहतात आणि सरासरी काढली जाते ती भोवतालच्या माध्यमाची. आपण ही पद्धत माझ्याकडून कागदावर, समीकरणासमीकरणाने करून घेतलीत आणि मगच संगणकाकडे जाऊ दिलेत. माझ्या मते आजच्या तयार सॉफ्टवेअरच्या काळात ही शिस्त फार थोडे शिक्षक धरतात.

तरीही आपले समाधान झाले नव्हते. सीपीएमध्ये प्रत्येक लोह-अणूला सारखाच शेजार मिळतो; खऱ्या मिश्रधातूत तसे नसते, हे आपण लावून धरलेत. मी 108 अणूंच्या सुपरसेलमध्ये, म्हणजे गणनेत एकक म्हणून घेतलेल्या स्फटिकाच्या मोठ्या तुकड्यात, 70 लोहाचे आणि 38 निकेलचे अणू यादृच्छिक रीतीने बसवले होते. आपण म्हणालात, "सरासरी परिबल नंतर पाहू. आधी प्रत्येक लोह-अणूची ओळ छाप आणि त्यापुढे त्याच्या 12 शेजाऱ्यांपैकी लोहाचे किती ते लिही." सरासरीने 7.8 शेजारी लोहाचे असायला हवेत. पण 11 किंवा सगळे 12 शेजारी लोहाचे असलेले अणू 70 मध्ये साधारण तीन सापडतील, हे आपण पेन्सिलीने त्याच कागदाच्या समासात मांडून दाखवलेत. मग पट्टी ठेवून आपण एकेक ओळ खाली सरकत गेलात. स्फटिकाचे आकारमान थोडे कमी धरून केलेल्या गणनेत अशाच दाट लोह-शेजारातल्या एका अणूचे परिबल बाकीच्यांच्या विरुद्ध दिशेला वळलेले होते. आपण त्या आकड्याभोवती तांबड्या पेन्सिलीने वर्तुळ काढलेत आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत.

प्रबंधाचे चौथे प्रकरण त्या वर्तुळातून निघाले. अंतर कमी झाले की लोह-लोह जोड्यांतील चुंबकीय आंतरक्रिया विरुद्ध दिशेकडे झुकू लागते, निकेलचा शेजार मात्र लोहाला एका दिशेत धरून ठेवतो. त्यामुळे मिश्रधातूचे एकूण चुंबकत्व समजायचे तर कोणत्या अणूचा शेजार कसा आहे हे पाहावेच लागते. परिबले समांतर किंवा विरुद्ध एवढेच न धरता तिरकीही होऊ शकतात, हे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सैद्धांतिक कामात दाखवले गेले होते. तो लेख आपणच मला वाचायला दिलात, पण माझी स्वतःची यादी तपासून झाल्यानंतर. हा क्रम आपण मुद्दाम राखलात, असे मला आता वाटते, आणि त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

निवृत्तीनंतरच्या आपल्या दुपारी आपण माझ्यासाठी मोकळ्या ठेवल्यात, शुल्काचा विषय कधी निघू दिला नाहीत, आणि प्रबंधाच्या मसुद्यात "असे दिसते" आणि "असे सिद्ध होते" यांतला फरक दर पानावर तपासलात. माझ्या आईवडिलांचाही आपल्याला नमस्कार आहे.

आता तापमान वाढवत नेऊन परिबलांची दिशा कशी विस्कटते आणि क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, किती येते, ते यादृच्छिक आकड्यांवर चालणाऱ्या माँटे कार्लो पद्धतीने काढायला घेतले आहे. पहिल्या निकालांची यादी शेजाऱ्यांच्या संख्येसह छापून पुढच्या आठवड्यात आपल्याकडे घेऊन येते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
सांगली