मनू, रविवारच्या फोनबद्दल

चि. मनू,

फोन तू ठेवलास का मी ठेवला यावर आईचं आणि माझं अजून चालूच आहे, ते जाऊदे. बोलायला लागलो की माझा आवाज चढतो म्हणून टाईप करतोय, एका बोटाने. चुका सांभाळून घे.

घरमालकाने महिन्यात घर रिकामं करा सांगितलं हे तू हसत हसत सांगितलंस, त्याचा मुलगा बंगलोरहून परत येतोय म्हणे. चार वर्षांत तिसरं घर. मला काही हसू आलं नाही. आणि मी लगेच फ्लॅट बुक कर, फ्लॅट बुक कर सुरू केलं, आधी जेवलीस का तरी विचारायला पाहिजे होतं.

तुझी एक्सेल बघितली. लाईट बिलाच्या पाठीमागे स्वतः पण हिशोब मांडला. 75 लाखांचा फ्लॅट, 60 लाख कर्ज, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं, हप्ता 52 हजार, आणि पहिल्या हप्त्यातले साडेबेचाळीस हजार नुसतं व्याज! मुद्दल फिटणार साडेनऊ हजार. भाडं 27 हजार. भाडं म्हणजे पैसे पाण्यात असं मी म्हणत होतो, तर मग व्याज कुठे जातं बाबा असं तू विचारलंस आणि मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी ओरडलो. एकूण सव्वा कोटी भरायचे, वर मेंटेनन्स आणि घरपट्टी वेगळी. झेडपीत 31 वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासली आणि माझ्याच पोरीने माझी चूक काढली. आईला सांगितलं तर म्हणाली, मग कुणावर गेलीय.

पण मनू, बँक रिकामं करा म्हणत नाही. (तीन हप्ते थकले की म्हणते, माहितीय, तू लिहायच्या आधी मीच लिहितो.)

मिरजेच्या घराचं तुला सांगितलंय का मी कधी, आठवत नाही. तू सव्वा महिन्याची होतीस, मालकांच्या घरात लग्न निघालं, पाहुण्यांना खोल्या पाहिजेत, पंधरा दिवसांत बघा कुठेतरी. जून महिना, हातगाडीवर सामान, पाळणा उलटा टाकलेला आणि त्याच्यात कुकर, स्टोव्ह, तुझी दुपटी, वर आईची जुनी साडी बांधलेली आणि ती भिजून गळत होती. तसे ते वाईट नव्हते, पण नळ सातला बंद म्हणजे बंद, आणि भिंतीला खिळा चालायचा नाही. कॅलेंडर आम्ही कपाटाच्या मुठीला अडकवायचो, कपाट उघडलं की पडायचं. 1994 ला सांगलीचं हे घर झालं, आईच्या पाटल्या मोडून, तेव्हा पहिल्या दिवशी मी काय केलं असेल तर चार खिळे ठोकले. टांगायला काही नव्हतं, नुसतेच ठोकले.

आता तू जे बोललीस ते. "तुमच्या स्वतःच्या घराचं काय झालं बाबा?" लागलं मला, खोटं कशाला बोलू. 2019 च्या पुरात शेजारच्या भाडेकरूंनी पाणी उतरल्यावर टेम्पो भरला आणि विश्रामबागेत गेले, विषय संपला. आपण खराट्याने गाळ काढत बसलो, दिवाण फुगलेला, तुझे सगळे सर्टिफिकेट गच्चीवर वाळत. 2021 ला परत. अजून पावसाळ्यात सकाळी उठलो की आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट ते बघतो, मग कोयना धरणातून किती सोडलंय ते बघतो, मग चहा. 45 म्हणजे धोका, 2019 ला 57 च्या वर गेलं होतं. एजंट घर बघायला माणसं आणतो, ती पहिला प्रश्न विचारतात, पाणी कुठपर्यंत येतं हो. मी खिडकीच्या वर हात दाखवतो. माणसं परत येत नाहीत. तर स्वतःच्या घरातून उठता पण येत नाही, हे तुझं खरं आहे.

आप्पाकाकांची गिरगावची खोली पागडीची, भाडं इतकं कमी की मालक वसूल करायला यायचा नाही आणि छत गळलं तरी यायचा नाही. त्यांना उठवायला पण कोणी आलं नाही बघ. तुमचं ते अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आणि एक महिन्याची नोटीस, त्यात माणूस रुजणार कधी. परत तेच लिहिलं ना मी.

बरं ऐक, घेतलाच कधी तर तुझ्या नावावर घे, बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का कमी लागते, 75 लाखांवर 75 हजार वाचतात. महारेराचा नंबर बघ, कार्पेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, किती ते विचार, ब्रोशरवर जाऊ नकोस, बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी वेगळा. आणि एकटी मुलगी आहे म्हणून सोसायटीत उगाच चौकशा करतात ते तरी बंद होईल. झालं, लेक्चर सुरू. सॉरी. ऑफिस हिंजवडीतून हललं तर काय करायचं हे तुझं तुला कळतं, माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

माझे पीएफचे 11 लाख एफडीत आहेत. नको म्हणालीस, तिथेच आहेत. एवढंच.

भाड्याने बघ, मी काही बोलणार नाही. फक्त तळमजला घेऊ नकोस. शिफ्टिंग शनिवारी ठेव, मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतो. पॅकर्सवाले करतात सगळं माहितीय, तरी येतो. आजीची घागर टेम्पोत टाकू नकोस, मी रिक्षात मांडीवर घेईन.

बाबा

ता. क. नवीन मालकाला खिळे चालतात का ते आधीच विचारून ठेव, म्हणजे ड्रिल आणायचं का नाही ते कळेल.