एमसीबी बदलला, वायर तीच : ऊर्जामंत्र्यांना परभणीहून खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

परभणीची थंडी आपल्या कानावर असेलच. कृषी विद्यापीठात पारा एक आकड्यावर उतरला की पेपरात बातमी येते आणि आमच्या गल्लीत घरोघरचे गिझर एकदम सुरू होतात. बंब भंगारात गेले.

माझं घर १९९४ सालचं. बाथरूममध्ये तेव्हा एक बल्ब होता, म्हणून तिथवर दीड एमएमची वायर. पुढे त्याच वायरवर २००० वॅटचा गिझर चढला. मग दुसरीकडे जागा नाही म्हणून वॉशिंग मशीनही तिथेच आलं, तेही पाणी तापवणारं. २३० व्होल्टला दोन्ही जवळपास ९-९ अँपिअर ओढतात. सोबत लागले की १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडायचा. पडणं हेच त्याचं काम, पण अंगाला साबण लागलेल्या माणसाला ते कसं पटावं? वायरमनने दहाचा काढून बत्तीसचा बसवला. ‘काका, आता पडतच नसतंय बघा.’ खरंच पडला नाही. महिन्याभरात बोर्डातून जळका वास आला. उघडून पाहिलं तर वायरचं प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलेलं, आणि भिंत ओली.

आता गिझरला चार एमएमची वेगळी लाइन आहे, मशीन बाहेर काढलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, बसवला. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला नाही, हे मला साठीत कळलं.

अर्थिंगचं तर विचारूच नका. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला तार गुंडाळत. पाइप प्लास्टिकचे झाले, तार अजून गुंडाळलेलीच आहे! ज्यांनी खड्डा केलाय त्यांचा मे महिन्यात ठणठणीत कोरडा. टँकरचं पाणी माणसं पितील की अर्थिंगला घालतील? त्यात बोअरच्या क्षारांनी गिझरच्या कॉइलवर खपल्या धरतात, कॉइल तडकते आणि करंट पाण्यात उतरतो.

नवीन जोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. माझा घर न बघताच सहीशिक्क्यासह हातात पडला होता. त्यानंतर आजवर कुणी फिरकलं नाही. बिलावर मंजूर भार अजून १ किलोवॅट छापून येतो. एकटा गिझरच २ चा आहे.

भार वाढवून मागणाऱ्याकडून नुसते पैसे भरून घेऊ नका. त्याच वेळी परवानाधारक माणूस घरात पाठवा. गिझरची लाइन वेगळी आहे का, वायरला शोभेल असाच एमसीबी आहे का, अर्थिंग मोजल्यावर किती भरतं, आरसीसीबीचं बटण दाबल्यावर तो पडतो का, एवढं बघून त्याने सही करावी. आणि दोष निघाला तर दुरुस्तीला मुदत द्या. लगेच लाइन तोडणार असाल, तर त्या माणसाला कुणी दार उघडणार नाही. मीही उघडलं नसतं.

आपला,
परभणीचा एक वीजग्राहक